न सांगता येणारं दुखणं

जंत म्हटलं की आपल्या पिढीला पहिल्यांदा आठवतं ते एरंडेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी आजी हातात वाटी घेऊन यायची, आई मागून धरायची, आणि नाक दाबून ते घशाखाली उतरवलं जायचं. पोरगं वाळतंय, रात्री दात खातंय, एवढ्या लक्षणांवर निदान पक्कं! तान्ह्या बाळाच्या पाण्यातसुद्धा वावडिंग पडायचं ते याच भीतीनं. त्यामुळे जंत म्हणजे पोटातलं दुखणं, लहान मुलांचं दुखणं, आणि एका जुलाबानं बरं होणारं दुखणं, असं आपल्या मनात बसलेलं आहे.

आज ज्या किड्याबद्दल लिहायचं आहे तो या तिन्ही समजुतींत बसत नाही. तो आतड्याच्या पोकळीत राहत नाही, रक्तवाहिन्यांत राहतो. त्याची लागण लहानपणी होत असली तरी त्याची खरी किंमत मोजतात त्या वयात आलेल्या मुली आणि संसारी बायका. आणि एरंडेलाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. शास्त्रीय नाव शिस्टोसोमा, रोगाचं नाव शिस्टोसोमियासिस. आफ्रिकेत राहून आलेल्या मंडळींना तो ‘बिलहार्झिया’ या नावानं माहीत असेल. स्वाहिली बोलणारे त्याला ‘किचोचो’ म्हणतात, मलावीत ‘लिकोड्झो’.

विषय जरा नाजूक आहे. मासिक पाळी, गर्भाशय, शरीरसंबंध हे शब्द दिवाळी पहाट आणि गणेशोत्सवाच्या वृत्तांताशेजारी छापलेले पाहून काही जण नाकं मुरडतील. पण माझी नोकरी इथल्या इस्पितळाच्या लॅबोरेटरीत, सूक्ष्मदर्शकावर डोळे ठेवून गेली. तिथं एक गोष्ट शिकले. ज्या दुखण्याबद्दल कुणी बोलत नाही, ते दुखणं फार सुखानं नांदतं.

जुना पाहुणा

रोग काही आजकालचा नाही. १९१० साली मार्क आर्मंड रफर या शास्त्रज्ञानं इजिप्तमधल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडात या किड्याची अंडी शोधून काढली. नाईलच्या काठी शेती करणाऱ्या माणसाला तो तेव्हापासून चिकटलेला आहे. लघवीतून रक्त जाणं ही त्याची मुख्य खूण. ती इतकी सर्रास दिसे की काही भागांत मुलगा वयात येताना असं व्हायचंच, असं लोक धरून चालत. मुलींना पाळी येते तशी मुलांना ही!

किडा प्रत्यक्ष पाहिला तो थिओडोर बिलहार्झ या तरुण जर्मन डॉक्टरनं, १८५१ साली कैरोत, शवविच्छेदन करताना. त्याचंच नाव रोगाला मिळालं. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, याचा उलगडा व्हायला आणखी साठ-सत्तर वर्षं जावी लागली. पिण्याच्या पाण्यातून जात असावा असाच बहुतेकांचा कयास होता. जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी १९१३ मध्ये या किड्याच्या तिकडच्या जातीचा गोगलगायीशी असलेला संबंध दाखवला. पाठोपाठ १९१५ मध्ये रॉबर्ट लायपर या ब्रिटिश शास्त्रज्ञाला इजिप्तला धाडण्यात आलं. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि सैनिकांना हा रोग होण्याची धास्ती होती. लायपरनं इजिप्तमधली साखळी जुळवून दाखवली.

आणि बायकांचं काय? फ्रँक कोल मॅडन या कैरोतल्या सर्जननं एका स्त्रीच्या योनिमार्गात हा रोग झाल्याचं १८९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणलं होतं. म्हणजे गोगलगायीचा शोध लागण्याच्याही आधी! तरी पुढची कित्येक दशकं पुस्तकांतून बिलहार्झिया म्हणजे मूत्राशयाचा रोग असंच शिकवलं गेलं. स्त्रियांच्या जननमार्गातला बिलहार्झिया कुठे तळटीपेत असला तर असला. माहिती नव्हती असं नाही. ती कुणी उचलून धरली नाही.

पाण्यात पाय घातला की

या किड्याचा प्रवास एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

लागण झालेल्या माणसाच्या लघवीतून अंडी बाहेर पडतात. ती गोड्या पाण्यात गेली की फुटतात आणि त्यातून अगदी सूक्ष्म अळी निघते. तिला बुलिनस नावाची पाण्यातली गोगलगाय लागते. ती सापडली नाही तर खेळ संपला. सापडली तर तिच्या पोटात एका अळीच्या हजारो होतात आणि काही आठवड्यांनी पाण्यात सुटू लागतात, तेही दिवसाउजेडी, ऊन वर आलं की. म्हणजे नेमकं बायका धुण्याला आणि मुलं डुंबायला येतात त्या वेळी. शेपटी असलेली ही अळी पाण्यात फार तर एक-दोन दिवस तग धरते, पण माणसाची कातडी मिळाली तर काही मिनिटांत आत शिरते. पाणी प्यावं लागत नाही की पायाला जखम असावी लागत नाही. पाण्यात उभं राहिलं की पुरे.

आत शिरल्यावर ती रक्तातून फुप्फुसांत आणि यकृतात जाते, वाढते, आणि नर-मादीची जोडी जमली की दोघं मिळून मूत्राशयाच्या आसपासच्या शिरांत मुक्काम ठोकतात. नर सुमारे एक सेंटिमीटर लांब. त्याच्या अंगाला लांबलचक खाच असते आणि मादी त्या खाचेत राहते. शिस्टोसोमा या ग्रीक नावाचा अर्थच ‘दुभंगलेलं शरीर’. लक्ष्मी-नारायणाचा जोडा म्हणावा असा हा संसार साधारण तीन ते दहा वर्षं चालतो, क्वचित तीस वर्षांच्याही पुढे. म्हणूनच बालपणी आफ्रिकेतल्या नदीत पोहलेल्या माणसाला युरोपात येऊन स्थिरावल्यावर त्रास सुरू होऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. त्रास किड्यांचा नाही, अंड्यांचा. मादी रोज अंडी घालते. त्यातली साधारण निम्मी लघवीवाटे बाहेर पडतात आणि बाकीची शरीरातच अडकतात. अंड्याच्या एका टोकाला काटा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की एखाद्या लांबट बीला अणकुची असावी तसं दिसतं, एकदा पाहिलं की विसरत नाही. अडकलेल्या अंड्याभोवती शरीर आपले सैनिक उभे करतं. तिथं गाठ बनते, सूज येते, आणि शेवटी कडक वण उरतो.

बायकांच्या वाट्याला आलेलं

पुरुष असो की स्त्री, मूत्राशयाच्या शिरा ओटीपोटातल्या इतर शिरांशी जोडलेल्या असतात. स्त्रीच्या शरीरात हे जाळं गर्भाशय, त्याचं मुख, योनिमार्ग, बीजवाहिन्या आणि बीजांडकोश यांच्यापर्यंत पोचतं. किडे आणि अंडी त्या वाटेनं सगळीकडे जातात. मूत्रमार्गाची लागण असलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांश ते तीन चतुर्थांश जणींच्या जननमार्गातही अंडी असतात, असं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलं आहे. आफ्रिकेत या त्रासानं ग्रस्त असलेल्या मुली आणि स्त्रियांची संख्या ५ कोटी ६० लाखांपर्यंत असावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ब्रिटनमधल्या एकूण स्त्रियांपेक्षा हा आकडा मोठा आहे.

होतं काय? गर्भाशयाच्या मुखावर आणि योनिमार्गात वाळूचे कण पसरल्यासारखे पिवळसर, खरबरीत डाग उठतात. त्यांच्या आसपास नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या नुसत्या स्पर्शानंही रक्ताळतात. बाईला पांढरं जातं, कधी त्यात रक्त असतं, खाज, आग, ओटीपोटात दुखणं, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना आणि नंतर रक्तस्राव. लहान मुलींना बाहेरच्या भागावर सूज किंवा गाठी येतात. आणि लघवीतून रक्त गेलं तर ‘पाळी सुरू झाली’ असं समजून आईच मुलीची समजूत घालते.

अंडी बीजवाहिन्यांत अडकली तर प्रकरण आणखी गंभीर. या नळ्या मुळातच बारीक. वणामुळे त्या अरुंद होतात, चिकटतात, कधी पूर्ण बंद होतात. बंद झाल्या तर मूल होत नाही. अर्धवट बंद झाल्या तर गर्भ गर्भाशयापर्यंत न पोचता नळीतच रुजू शकतो. असा गर्भ वाढून नळी फुटली आणि जवळ शस्त्रक्रियेची सोय नसली, तर बाई काही तासांत दगावते. शिवाय गर्भपाताचा धोका, सततच्या रक्तस्रावानं येणारा पंडुरोग, आणि अशक्त आईच्या पोटी कमी वजनाचं मूल.

यात मुलींचा किंवा बायकांचा दोष काय? पाण्यात त्या हौसेनं जात नाहीत. पाणी भरणं, धुणं, भांडी, मुलांच्या आंघोळी, भाताच्या खाचरात गुडघाभर पाण्यात लावणी, ही सगळी कामं कुणाच्या वाट्याची हे आपल्याला कुणी सांगायला नको. ‘तळ्यात जाऊ नका’ असा फलक लावून काय होणार, जर घरात नळच नसेल?

काही वेळा माणूसच किड्याला घर बांधून देतो. घानात व्होल्टा नदीवर १९६५ मध्ये आकोसोंबोचं धरण पुरं झालं. वीज आली, प्रचंड जलाशय तयार झाला. वाहत्या पाण्याच्या जागी संथ पाणी आलं, पाणवनस्पती माजल्या, त्यांच्यावर बुलिनस वाढली, आणि काठावरच्या गावांतून हा रोग भडकला. धरण नको होतं असं नाही. पण आराखड्यात गोगलगायीचा विचार कुणी करत नाही, हेही तितकंच खरं.

संशयाचं औषध

या रोगाचं सगळ्यात वाईट काय असेल तर त्याचं रूप. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त. ही लक्षणं ऐकल्यावर दवाखान्यातली नर्स काय म्हणेल? गुप्तरोग. प्रतिजैविकं देते, नवऱ्यालाही घेऊन ये म्हणते. गोळ्यांनी गुण येत नाही. दुसऱ्यांदा देतात, तिसऱ्यांदा देतात. तोवर घरात कुजबुज सुरू होते. हिला हे आलं कुठून? नवरा बाहेरगावी कामाला, आणि हिला असला रोग? अविवाहित मुलगी असेल तर विचारायलाच नको. तळ्यात कपडे धुतल्याची शिक्षा तिला चारित्र्यावर डाग म्हणून भोगावी लागते. आणि मूल होत नाही म्हणून सवत आणणं, माहेरी धाडणं, हे आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

माझ्या ओळखीची एक बाई मूळची मलावीच्या तळ्याकाठची. इथं वृद्धाश्रमात काम करते. तिच्या परवानगीनं, नाव न देता, सांगते आहे. लग्नानंतर सहा वर्षं मूल नाही. गावी असताना चार-पाच वेळा गुप्तरोगाची औषधं घेऊन झाली. सासूनं बोलणं टाकलं. नवरा भला म्हणून टिकला, पण त्यानंही एकदा विचारलंच. इथं आल्यावर रक्तस्राव वाढला, तेव्हा एका इस्पितळात गर्भाशयाच्या मुखाचा तुकडा काढून तपासला. त्यात अंडी निघाली. डॉक्टरांनी विचारलं, “लहानपणी तळ्यात पोहत होतीस का?” ती म्हणाली, “आमच्याकडे तळ्यात न पोहलेलं मूल दाखवा!” गोळ्या दिल्या, किडे मेले, रक्त थांबत आलं. नळ्या मात्र दोन्ही बंद झालेल्या होत्या. मला ती म्हणाली, “मूल नाही याचं दुःख आहेच ताई. पण त्या कागदावर रोगाचं नाव छापून आलं ना, त्या दिवशी मी नवऱ्यापुढे तो ठेवला. माझ्या सासूला फोनवर वाचून दाखवायला लावला.”

तिचं हे वाक्य ऐकल्यावर निदान या शब्दाचा अर्थ मला नव्यानं कळला.

निदान होत नाही त्याची कारणंही तशीच आहेत. लघवी तपासून अंडी दिसली नाहीत तरी जननमार्गात असू शकतात. आत पाहायचं तर भिंगाचं उपकरण, उजेड, एकांत आणि डाग ओळखणारी नजर पाहिजे. खेड्यातल्या आरोग्यकेंद्रात यातलं एखादंच असतं. लग्न न झालेल्या मुलीची अशी तपासणी करणं कुठल्याही समाजात अवघडच. म्हणूनच झांबियात २०१८ साली झालेला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. त्यात आरोग्यसेविका घरी गेल्या आणि स्त्रियांनी स्वतःच, आपल्या घरात, कापसाच्या बोळ्यानं नमुना घेऊन दिला. प्रयोगशाळेत त्यातला किड्याचा डीएनए शोधता आला. लाज आणि अंतर या दोन्ही अडचणींवर हा तोडगा आहे. त्याआधी २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या डागांच्या छायाचित्रांचा खिशात मावेल असा लहानसा अ‍ॅटलास काढला. रोग पहिल्यांदा छापून आल्याला तोवर ११६ वर्षं झाली होती!

एच.आय.व्ही.शी नातं

नाजूक त्वचा, सहज फुटणाऱ्या रक्तवाहिन्या, आणि त्या जागी गोळा झालेल्या शरीराच्या संरक्षक पेशी. नेमक्या याच पेशी एच.आय.व्ही.ला हव्या असतात. तेव्हा हा रोग त्या विषाणूला दार उघडून देत असेल का? झिंबाब्वेच्या ग्रामीण भागातल्या स्त्रियांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जननमार्गात बिलहार्झिया असलेल्या स्त्रियांमध्ये एच.आय.व्ही. असण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट दिसली. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे नातं इतकं ठळक आलेलं नाही, त्यामुळे शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण संशय इतका बळकट आहे की संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनं २०१९ मध्ये या एकाच विषयावर पुस्तिका काढली. दोन्ही रोगांचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर आफ्रिकेचे बरेच तेच तेच भाग रंगतात. अशा ठिकाणी काही पैशांच्या गोळीनं एक दार जरी बंद होत असेल, तरी ते बंद करायला हवं.

आपल्या रत्नागिरीत

“हे सगळं आफ्रिकेतलं, आपल्याकडे कुठं?” असं वाटलं असेल, तर कोकणातली एक गोष्ट ऐका.

१९५२ साली गाडगीळ आणि शहा या दोन डॉक्टरांनी भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध लिहिला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांना लघवीतून रक्त जात होतं, आणि त्यात त्यांना काट्याची अंडी सापडली होती. आफ्रिकेत असतात तशीच. भारतात हा रोग स्थानिक लोकांना तिथल्याच पाण्यातून होतो, असं तोवर कुणी दाखवलं नव्हतं. आफ्रिकेतली बुलिनस गोगलगाय आपल्याकडे नाही. मग किड्याला आसरा दिला कुणी? त्यांच्या पुढच्या अभ्यासात फेरिसिया नावाच्या, चिमुकल्या टोपीसारख्या शंखाच्या गोगलगायीकडे बोट गेलं. पुढे गिमवीतली लागण ओसरली आणि रोग देशभर पसरला नाही. परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत मात्र गिमवीचं नाव कायमचं राहिलं. आपल्यातल्या किती चिपळूणकर-गुहागरकरांना हे माहीत आहे?

त्या गावातल्या बायकांना तेव्हा काय भोगावं लागलं असेल हा प्रश्न मला पडतो. वहाळावर धुणं धुणाऱ्या कोकणातल्या बाईनं आपलं असलं दुखणं कुणाला सांगितलं असतं?

चार गोळ्या आणि एक काठी

आता दिलासा देणारी गोष्ट. औषध आहे, चांगलं आहे, आणि स्वस्त आहे. प्राझिक्वांटेल नावाचं हे औषध १९७० च्या दशकात बायर आणि मर्क या जर्मन कंपन्यांच्या प्रयत्नांतून निघालं. त्याआधी अँटिमनीची इंजेक्शनं देत, तीही अनेक. इजिप्तमध्ये त्या मोहिमांत सुया नीट निर्जंतुक न झाल्यानं हिपॅटायटिस सी पसरला, म्हणजे बिलहार्झिया गेला आणि यकृताचा रोग आला. प्राझिक्वांटेलची बहुतेकांना एकच मात्रा पुरते, किलोला ४० मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला चार गोळ्या. खेड्यात वजनकाटा नसतो म्हणून एक साधी काठी वापरतात. मुलाला काठीशी उभं करायचं, उंचीप्रमाणे खूण पाहायची, तितक्या गोळ्या द्यायच्या. गोळी मोठी आणि कडूजहर, आधी पोटभर खायला द्यावं लागतं. मर्क कंपनी २००७ पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत या गोळ्या फुकट पुरवते आहे.

पण दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ही गोळी किडे मारते, वण मिटवत नाही. आधीच पडलेले डाग आणि बंद झालेल्या नळ्या तशाच राहू शकतात. म्हणून वेळेवर देण्याला महत्त्व. लहानपणीच औषध मिळालेल्या स्त्रियांमध्ये पुढे हे डाग आणि रक्तस्राव कमी आढळतात, हे झिंबाब्वेतच २००८ मध्ये दिसून आलं. शिवाय ती पुन्हा पाण्यात गेली की पुन्हा लागण, तेव्हा औषध ठरावीक काळानं देत राहावं लागतं.

दुसरी अडचण माणसांनी केलेली. कितीतरी वर्षं गोळ्या शाळांतून वाटल्या गेल्या. म्हणजे शाळा सुटलेली मुलगी, घरकामाला ठेवलेली मुलगी, लग्न झालेली बाई, यांच्या हाती त्या क्वचितच पडल्या. गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तर भीतीपोटी वगळलं जाई. ज्या बाईचं अर्धं तारुण्य यातच जातं तिनं औषध घ्यायचं तरी कधी? त्यांना द्यायला हरकत नाही असं तज्ज्ञांनी २००२ मध्येच सांगितलं होतं. २०२२ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षांच्या मुलापासून मोठ्या माणसांपर्यंत सगळ्यांना, पहिले तीन महिने उलटलेल्या गर्भवतींनाही, त्यात आणलं. त्याहून लहान बाळांसाठी वेगळी, कडू नसलेली गोळी तयार झाली असून २०२४ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

औषध आहे, ज्ञान आहे, आणि तरीही २०२१ साली जगात २५ कोटींहून अधिक लोकांना प्रतिबंधक उपचारांची गरज होती. गोळी फुकट असली तरी ती गावापर्यंत न्यायला माणसं आणि पेट्रोल लागतं. त्याच २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारनं परदेशी मदतीत कपात करताना ‘असेंड’ नावाचा, याच रोगांवरचा कार्यक्रम मुदतीआधी गुंडाळला. २०२५ मध्ये अमेरिकेनंही हात आखडता घेतला. आपण इथं कर भरतो, मत देतो. आपल्या खासदाराला एक पत्र लिहायला काय हरकत आहे?

आपण काय करावं

आपल्या मंडळींत आता केनिया-टांझानियाची सफारी, झांझिबारची सहल, मुलांचं शाळा-कॉलेजच्या सुट्टीत आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जाणं हे नेहमीचं झालं आहे. काही कुटुंबं तर नोकरीच्या निमित्तानं वर्षानुवर्षं तिकडे राहून आलेली. घाबरायचं कारण नाही, पण चार गोष्टी लक्षात ठेवा.

समुद्राचं पाणी आणि क्लोरिन घातलेला तलाव यांत हा धोका नाही. धोका आहे तो नदी, तळं, कालवा अशा गोड्या पाण्याचा, आणि ते किती नितळ दिसतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मलावीच्या तळ्याचं पाणी काचेसारखं. तिथं पोहलेल्या दोन अमेरिकन स्वयंसेवकांच्या मज्जासंस्थेला १९९२ मध्ये याच रोगानं ग्रासलं होतं. युरोपातही २०१३ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या काव्हू नदीत डुंबलेल्या पर्यटकांना लागण झाली. आंघोळीचं पाणी एक मिनिट उकळलं, किंवा एक-दोन दिवस साठवून ठेवलं, तर अळ्या मरतात. पाण्यातून बाहेर आल्यावर खसाखसा अंग पुसलं की झालं, या ऐकीव सल्ल्यावर मात्र विसंबू नका.

पाण्यात उतरलाच असाल तर परत आल्यावर, त्रास नसला तरी, आपल्या जी.पी.ला स्पष्ट सांगा, “मी आफ्रिकेत अमक्या तळ्यात पोहले होते.” रक्ताची तपासणी साधारण तीन महिन्यांनी करतात, त्याआधी ती खोटा दिलासा देऊ शकते. इथल्या डॉक्टरला हा रोग आपणहून आठवेलच असं नाही, तेव्हा नाव आपणच घ्यावं. मुलीला वारंवार लघवीचा किंवा अंगावरून जाण्याचा त्रास होत असेल, औषधानं गुण येत नसेल, आणि ती तिकडे जाऊन आलेली असेल, तर हे विशेष लक्षात ठेवा.

आणि शेवटचं. आपल्यातले कितीतरी जण इथं डॉक्टर आहेत, नर्स आहेत, औषधांच्या दुकानात किंवा लॅबमध्ये आहेत. झिंबाब्वे, मलावी, नायजेरिया, घाना इथून आलेल्या बायका रोज आपल्यासमोर येतात, कधी रुग्ण म्हणून, कधी सहकारी म्हणून. पुढच्या वेळी कुणी पुन्हा पुन्हा तीच तक्रार घेऊन आली, तर एक प्रश्न जास्त विचारा, “लहानपणी कुठल्या पाण्यात खेळत होतीस?” एवढ्या एका प्रश्नानं तिच्या दुखण्याला नाव मिळेल, वेळेत कळलं तर मूलही मिळेल, आणि काही नाही तर निदान तिच्यावरचा खोटा आळ तरी जाईल.